गेनबाचा भोंगा

गेनबा फिटरने माझ्या तीन टोप्या खराब केल्या. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, आता गेनबाही राहिला नाही, तरी ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं. परीटघडीची पांढरी टोपी घालून मी ट्रकजवळ गेलो, की हा माणूस एक अक्षर न बोलता ती माझ्या डोक्यावरून उचलायचा, हवेच्या नळीपुढे धरायचा आणि नळीची चावी सोडायचा. फस्स. मग टोपी उन्हाकडे करून डोळे बारीक करायचा. टोपीवर तेलाचे बारीक ठिपके उठलेले असायचे. कुंडली बघावी तसे तो ते बघायचा आणि म्हणायचा, "आलंच तेल. पन चूक माज्या हातची न्हवं."

टोपी माझी, हात त्याचा, आणि चूक त्याच्या हातची नव्हे. पहिल्या खेपेला मी विचारलं, "गेनबा, तुमचं धोतर काय वाईट होतं?" तर स्वतःच्या धोतराकडे बघून म्हणाला, "ह्याच्यावर डाग कुटला नवा आन कुटला जुना, कसं कळायचं? अक्कल वापरा जरा, कारकून."

वयाने तो माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा, म्हणून तोंडावर मी 'तुम्ही' म्हणत असे. मनात मी त्याला काय म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कापूरहोळच्या फाट्यावर तेव्हा एका रस्त्याच्या ठेकेदाराचा तळ पडला होता. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि वेल्ह्याच्या पुढे पासलीकडे डोंगर फोडत रस्ता न्यायचं काम चाललं होतं. मी तळावरचा कोठी सांभाळणारा कारकून. पहारी, घमेली, टायर, सुरुंगाची दारू, मजुरांचं धान्य, सगळं माझ्या ताब्यात. इस्माईलभाई ट्रक चालवायचे. आणि ट्रक चालता ठेवायचा तो गेनबाने, निदान असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं.

ट्रक लष्कराच्या लिलावातला. त्यावर गेनबाने स्वतःच्या डोक्याने एक हवेचा पंप बसवला होता. एका मोडीतल्या लष्करी मोटरसायकलचं इंजिन त्याने कुठूनसं पैदा केलं, त्याच्या डोक्याला पत्र्याच्या झडपा लावल्या, आणि ट्रकच्या इंजिनावरून पट्टा देऊन ते फिरवलं. जे इंजिन पेट्रोल पिऊन पळायचं ते आता हवा दाबून टाकीत भरू लागलं. त्या हवेवर आमची तीन कामं चालत. ट्रकच्या टायरांत हवा भरायची. सुरुंगासाठी खडकात पाडलेल्या भोकांतली भुकटी फुंकून काढायची. आणि भोंगा वाजवायचा.

हा भोंगा म्हणजे पितळेचा हातभर लांब कर्णा. ट्रकच्या टपावर. तो वाजला की कापूरहोळच्या हॉटेलातल्या कपबशा थरथरायच्या. गेनबाचा नियम असा, की भोंगा इतर कुठेही वाजवायचा नाही, हवा वाया जाते. बैल आडवा आला तर इस्माईलभाईंनी खिडकीतून ओरडायचं. पण दर मंगळवारी सामान घेऊन ट्रक वर जायचा, तेव्हा पासलीच्या अलीकडच्या वळणावर थांबायचं आणि तीनदा लांब भोंगा द्यायचा. त्या वळणावर ना वस्ती, ना देऊळ, ना समोरून येणारी गाडी. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. "इथे कशाला?" असं मी एकदा विचारलं. गेनबा म्हणाला, "वळन हाय. वळनावर भोंगा देत्यात. तुमाला शाळंत काय शिकिवलं?"

महिन्यातून एकदा त्या वळणावर एक म्हातारा धनगर डोंगरातून उतरून यायचा आणि गेनबाच्या हातात फडक्यात बांधलेली एक पुडी ठेवायचा. गेनबा ती कमरेला खोचायचा. मला वाटायचं तंबाखू असेल. सकाळी उठून तो ट्रकच्या आडोशाला जाऊन काहीतरी करायचा, तेव्हाही मला तसंच वाटलं. तंबाखूचं व्यसन एवढं लपवणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि पंपाच्या हवेत तेल यायला लागलं.

तुम्ही म्हणाल, थोडं तेल आलं तर काय बिघडलं? मीही तेच म्हणालो होतो आणि दहा मिनिटं शिव्या खाल्ल्या होत्या. तेल लागलं की ट्यूबचं रबर फुगतं, मऊ पडतं, सडतं. सुरुंगाच्या भोकात तेलकट हवा फुंकली की आत ठासलेली दारू भिजते. पहिल्याच आठवड्यात दोन सुरुंग उडाले नाहीत. न उडालेल्या सुरुंगाजवळ जाऊन बघायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं असेल त्यालाच माहीत. मजूर भडकले, मुकादम माझ्यावर भडकला, मी गेनबावर भडकलो. गेनबा तर जन्मतःच भडकलेला होता, त्याला वेगळं भडकायची गरज पडली नाही.

आणि भोंगा. तेल त्याच्या आतल्या पातळ पत्रीवर चिकटलं आणि त्याचा आवाजच गेला. त्या मंगळवारी वळणावर इस्माईलभाईंनी भोंगा ओढला, तर गुळण्या केल्यासारखा घुर्र घुर्र आवाज आला आणि थांबला. इस्माईलभाई हसले. मीही हसलो. गेनबाने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पासली येईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही.

मग सुरू झालं ते गेनबाचं संशोधन. खालच्या पेटीत तेल जास्त झालं असेल, म्हणून पहिल्यांदा त्याने ते निम्मं काढलं. "इस्माईलनं वतलं आसंल जास्तीचं. त्याचा हात लई सढळ." इस्माईलभाईंनी त्या पंपाला आयुष्यात हात लावला नव्हता. तेल येतच राहिलं. मग हवा आत घेणाऱ्या तोंडाला काथ्याची गाळणी होती, ती त्याने सोडली. गाळणी तुंबली की पिस्टन हवेऐवजी खालचं तेल वर ओढतो, असं त्याचं म्हणणं. ती पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली, बसवली. "ह्या रस्त्याचा धुरळा. रस्ता कुनी क्येला? मालकानं. चूक माज्या हातची न्हवं." माझी पहिली टोपी गेली ती त्या दिवशी.

दुसऱ्या आठवड्यात त्याने पंपाचं डोकं उतरवून पिस्टन बाहेर काढला. पिस्टनला रिंगा असतात, त्यातली एक तेलाची. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल तिने खरवडून खाली पाठवायचं. तिला वरची आणि खालची अशा दोन बाजू असतात, आणि ती उलटी बसली तर तेल खाली पाठवायचं सोडून वर चढवत बसते. हे सगळं मला गेनबाने रिंग माझ्या नाकाजवळ धरून सांगितलं. वर हेही सांगितलं, "रिंग उलटी बशिवनारा फिटर म्या बगितला न्हाई आजून. बगितला तर त्याच्या हातातला पाना काडून घीन आन त्याला शेरडं राखाय लावीन." मी पुण्याहून नव्या रिंगा आणून दिल्या. त्या त्याने बसवल्या, सुलट. माझी दुसरी टोपी गेली. तेल येतच होतं.

"रिंगा खोट्या आनल्या तुमी," तो म्हणाला.

त्या दिवशी मी जेवलो नाही, इतका संतापलो होतो. स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की ज्याला आख्ख्या जगात दुसऱ्याच्याच चुका दिसतात, असा माणूस रोज सकाळी तोंडापुढे असणं ही काय शिक्षा आहे ते मी तुम्हाला सांगतो. चहा पातळ झाला तर गवळ्याची चूक. ठेच लागली तर दगडाची चूक. अंगरखा उलटा घातला तर शिवणाऱ्याची चूक, त्याने उलट-सुलट सारखं का शिवलं.

तिसऱ्या मंगळवारी आम्ही पुन्हा त्या वळणावर पोचलो. भोंगा ओढला. घुर्र. गेनबा ट्रकमधून उतरला, रस्त्याच्या कडेला गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून डोंगराकडे बघत ओरडायला लागला. शब्द नव्हते, नुसता "होऽऽ होऽऽ". वारा दरीकडे वाहत होता. त्याचा आवाज दहा पावलांवर बसलेल्या मलाच नीट ऐकू येत नव्हता. ट्रकमध्ये सुरुंगाची दारू, वर मजूर खोळंबलेले, उशीर झाल्याबद्दल शिव्या मला बसणार. मी खाली उतरून म्हणालो, "गेनबा, हा काय तमाशा लावलाय? त्या डोंगरात कोण तुमचं ऐकणार आहे?"

तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "वर माजी आक्का ऱ्हाती."

मग त्याने जे सांगितलं ते डोंगराकडे तोंड करून सांगितलं. आक्का ही त्याची थोरली बहीण. नवरा गेला, पोरबाळ नाही, आणि आठ वर्षांपूर्वी तिची नजरही गेली. गेनबा तिला न्यायला आला. ती म्हणाली, माझी म्हैस आहे, मी कुठे येत नाही. हा म्हणाला, चल. ती म्हणाली, नाही. मग या शहाण्याने काय केलं, तर पहाटे उठून तिची म्हैस सोडली आणि डोंगर उतरायला लागला. हेतू हा, की म्हैस खाली गेली म्हणजे म्हशीच्या मागे आक्काही येईल. अर्ध्या वाटेत म्हशीचा पाय घसरला आणि ती खाली ओढ्यात पडली ती उठलीच नाही.

"आक्का म्हनली, 'चुकलो' म्हन आन घरात ये. म्या म्हनलं, वाट निसरडी हुती. चूक माज्या हातची न्हवं. ती म्हनली, मग उंबरा चडू नगंस."

"आणि?"

"आन काय? न्हाई चडलो. ती बी खाली न्हाई आली. मंगळवारी म्या भोंगा देतो, तिला कळतं म्या जित्ता हाय. ती धनगराच्या हाती जेजुरीचा भंडारा धाडती, मला कळतं ती जित्ती हाय." भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. मग म्हणाला, "धनगर दिवाळीलाच मेंढरं घिऊन खाली कोकनात ग्येला. आता पाऊसकाळाबिगर यायचा न्हाई. तिला सांगनार कोन? तीन मंगळवार झालं. सुरुंगाच्या कामावर हाय म्हनून ठावं हाय तिला."

मला वाईट वाटलं हे खरं. पण त्याहून जास्त राग आला. आठ वर्षं! एका शब्दासाठी! मी म्हणालो, "मग जा की वर आत्ता. भोंगा ऐकू येतो म्हणजे तासाभराचीच वाट असेल."

"चूक माज्या हातची न्हवं," गेनबा म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

तळावर परत आलो तर मालक वाट बघत होता. आणखी एक सुरुंग फुकट गेला होता. त्याने सरळ सांगितलं, पुढच्या मंगळवारपर्यंत हवा कोरडी आली नाही तर पंप, टाकी, भोंगा, सगळं उतरवून भंगारात जाईल. मालक गेल्यावर गेनबा पंपाजवळ बसला तो पुढचे सहा दिवस तिथेच होता. जेवणही तिथेच. सिलिंडर घासला, रिंगा पुन्हा काढल्या, पुन्हा बसवल्या, आणि पंपाला "भवाने, टवळे" म्हणून अशा काही शिव्या दिल्या, की फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने घरच्या बायकांना त्या बाजूला पाणी भरायला पाठवणं बंद केलं.

सोमवारी दुपारी मी त्याला भाकरी द्यायला गेलो. पंप चालू होता. माझ्या डोक्यावर नवी कोरी टोपी होती, आणि गेनबाचा हात तिच्याकडे आला. मी मागे सरलो. तो म्हणाला, "द्या हिकडं." मी म्हणालो, "नाही देत." तो म्हणाला, "कारकून, तुमच्या टोपीपायी काम खोळंबलं तर—" आणि 'चूक माज्या हातची न्हवं' हे तो म्हणणार, हे मला दिसलं. माझा तोल गेला. खाली पडलेला पाना मी उचलला आणि सगळ्या जगाचा राग काढावा तसा त्या पंपावर हाणला.

पाना लागला तो पंपाच्या पोटातून निघून डोक्याच्याही वर आलेल्या एका बोटभर जाडीच्या पितळी नळीला. तिच्यावर टोपण असतं आणि टोपणाला बारीक भोकं. पिस्टन खाली येताना पोटातली हवा तिथून बाहेर जाते, ही पंपाची श्वास सोडायची जागा. त्या टोपणावरून एक पिवळट खपला टचकन उडाला आणि आतून कोंडलेला तेलकट वाफारा फस्सदिशी माझ्या तोंडावर आला. तिसरी टोपी.

मी डोळे पुसेपर्यंत गेनबाने हवेच्या नळीपुढे स्वतःचा तळहात धरला होता. मग दुसरा. दोन्ही कोरडे होते. श्वासाची भोकं बुजली होती, पोटातल्या हवेला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ती तेल घेऊन रिंगांच्या फटींतून वर चढत होती. रिंगा चांगल्या होत्या, तेल चांगलं होतं, गाळणी चांगली होती. इस्माईलभाई, मी, मालक, रस्त्याचा धुरळा, सगळे निर्दोष होतो.

गेनबाने खाली पडलेला खपला उचलला. रुपयाएवढा, कडक, पिवळा. त्याने तो नाकाशी नेला, मग नखाने खरवडून बघितला.

तो भंडारा होता. रोज सकाळी ट्रकच्या आडोशाला हा माणूस तंबाखू खात नव्हता. आक्काने पाठवलेला भंडारा तो बोटावर घेऊन पंपाला लावत होता. त्या टोपणालाच, कारण सगळ्यांत वर तेच. ज्या पंपाला दिवसभर टवळे म्हणायचं त्याला सकाळी टिळा. एरवी पुडी लहान असायची, बोटाला लागेल तेवढाच भंडारा. पण धनगर लांब जाणार म्हणून आक्काने दिवाळीला पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढी पुडी दिली होती. म्हणून याचाही हात सढळ झाला. हळद, तेलाची वाफ आणि इंजिनाची ऊब, सिमेंट काय बसेल असा थर बसला.

आणि मी काय केलं? मी या क्षणाची तीन आठवडे वाट बघत होतो. कमरेवर हात ठेवून मी विचारलं, "काय गेनबा? चूक कुणाच्या हातची?"

 त्याने खपला धोतराच्या सोग्यात बांधला आणि भाकरी न खाता भोंग्याची पत्री सोडवायला घेतली. तो प्रश्न मी विचारायला नको होता. आज मला त्या तीन टोप्यांचा राग येतो, त्याहून त्या प्रश्नाचा जास्त येतो.

मंगळवारी सकाळी निघालो. भोंग्याची पत्री गेनबाने रॉकेलने धुऊन पुसली होती. वळण आलं तशी त्याने इस्माईलभाईंचा हात बाजूला केला आणि भोंग्याची दोरी स्वतः ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. स्वच्छ, खणखणीत आवाज दरीत उतरून पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. आणि तो थांबायच्या आत ट्रकच्या अगदी पुढून कोणीतरी ओरडलं, "आरं मुडद्या, कानात कशाला वाजवतूस!"

वळणावरच्या मैलाच्या दगडाला टेकून एक म्हातारी बसली होती. लुगड्याचा काचा मारलेला, हातात काठी, पाय गुडघ्यापर्यंत खरचटलेले. नजर नसताना, धनगर सोबत नसताना, ती एकटी चाचपत डोंगर उतरली होती, भावाचं काय झालं ते रस्त्यावरच्या माणसांना विचारायला. गेनबा खाली उतरला आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. आम्हा सगळ्यांवर गुरगुरणारा तो माणूस शाळेत उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"तीन मंगळवार," आक्का म्हणाली. "म्या रडून घेतलं तुज्या नावानं. कुटं मेला हुतास?"

"हवंत तेल येत हुतं. भोंगा बंद पडल्याला."

"कशानं?" तिने विचारलं. "म्या भंडारा धाडला हुता, त्यो लावत न्हवतास काय?"

"लावत हुतो. रोज."

"मंग बिगाडलंच कसं?"

मी ट्रकच्या पायरीवर उभा होतो. सोग्यातली गाठ मला दिसत होती. गेनबाने त्या गाठीवर हात ठेवला. "रिंग उलटी बशिवली म्या," तो म्हणाला. "चूक माज्या हातची."

आक्का काठी टेकत उठली. तिने हात पुढे करून त्याचा खांदा शोधला, मग गाल, मग तळहात त्याच्या कपाळावर ठेवला. "ताप न्हाई," ती म्हणाली. मग आमच्या चाहुलीकडे तोंड वळवलं. "हितं कोन हाय वो? ह्यो खरं सांगतुया का?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे, आक्का," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिली. उलटीच होती."

तिने हात काढला नाही. हळू आवाजात विचारलं, "आन म्हशीची?"

"तिची बी," गेनबा म्हणाला, आणि ती हात काढीपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.